काळा घोडा की राणीबाग?

वहिनी नाशिकहून दोन मुलं घेऊन येतायत, हाताशी एकच दिवस. विचारतात, मुंबईत काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघू की भायखळ्याचं भाऊ दाजी लाड?

खर्चात भायखळा स्वस्त, प्रश्नच नाही. वेळेचंही तेच: तिथे दीड तास पुरतो. काळा घोड्याला अर्धा दिवस काढा, तरी वरचा मजला राहतोच. (आमचा दोनदा राहिला.)

पण ऐवज! १९२२ साली खुल्या झालेल्या त्या घुमटाखाली सिंधू संस्कृतीच्या वस्तू, मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, अकबराचं चिलखत, लघुचित्रं, शिवाय पेंढा भरलेले प्राणी. मुलं प्राण्यांपाशीच रेंगाळणार, हे धरून चला.

भायखळ्याला जग नाही, मुंबई आहे. १८७२ची इमारत, आत रंगवलेलं छत, लोखंडी खांब आणि कपाटांतून मातीच्या वीतभर बाहुल्या. नुसत्या पगड्या बघा, प्रत्येक जातीजमातीची बांधणी निराळी. बाहेरचा दगडी हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा; त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून उभा केला.

मुलं सातआठ वर्षांची असतील तर भायखळा, शेजारी राणीबाग आहेच. फक्त बुधवार टाळा. मोठी असतील, शाळेत इतिहास सुरू झाला असेल, तर काळा घोडा. आणि वहिनी, तुम्हाला एकटीला निवांत मूर्ती बघायच्या असतील तर मुलं माझ्याकडे सोडा.