तारा की अलाइनर?

दाटीवाटीनं आलेले, वेडेवाकडे दात नीट घासता येत नाहीत. कीड आणि हिरड्यांची सूज तिथेच धरते. म्हणून दात सरळ करणारे हे दोन्ही उपचार निव्वळ दिसण्यासाठी नसतात.

धातूच्या तारा दातांवर चिकटवलेल्या असल्यानं रात्रंदिवस काम करतात. दात फार वळलेले असतील किंवा दाढेपुढचा दात काढून जागा करायची असेल, तर माझा कौल तारांनाच. चिक्की, ऊस मात्र बंद. घासण्यात हयगय झाली तर दातांवर पांढरे डाग राहतात.

पारदर्शक अलाइनर म्हणजे दातांवर बसणारा प्लास्टिकचा साचा. तो जेवताना काढता येतो, हीच त्याची सोय आणि हीच अडचण. तो दिवसाचे २० ते २२ तास लावावा लागतो. विसराळू मुलासाठी तो घेऊ नये. खर्चही बहुधा जास्त येतो.

दोन्हींत उपचारानंतर रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून लावायचा साचा किंवा तार, लागतोच.

निवडीआधी डॉक्टरांची पदवी विचारा: बीडीएस या दंतवैद्यकाच्या मूळ पदवीनंतर ३ वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्समधलं, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रातलं, एमडीएस. एक्स-रे न काढता घरपोच येणारे अलाइनर कृपया टाळा; मुळं आणि हाड तपासल्याशिवाय दात हलवणं धोक्याचं आहे.