स्कॉटलंड्सपीपल: आठ महिन्यांच्या वापरानंतर, वसाहतकाळातला स्कॉटिश पूर्वज शोधणाऱ्यांसाठी

आधी मत, मग कारणं. १७७६ च्या आधी अमेरिकेत गेलेल्या स्कॉटिश माणसाचा माग काढायचा असेल, तर स्कॉटलंड्सपीपलला पर्याय नाही. एडिनबर्गच्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची ही अधिकृत सेवा आहे आणि चर्चच्या जुन्या वह्यांची मूळ पानं इथे घरबसल्या पाहता येतात. पण आठ महिने वापरल्यावर ठामपणे सांगावंसं वाटतं की हे संकेतस्थळ सगळ्यात शेवटी उघडायचं. पैसे आणि उमेद दोन्ही वाया जातात ते इथूनच सुरुवात केल्यामुळे.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपलं कूळ पाहायला गेलं की पहिला प्रश्न येतो: आडनाव काय, मूळ गाव कोणतं? गाव सांगता आलं नाही तर वही उघडून उपयोग नसतो. स्कॉटलंडमध्येही तेच. तिथल्या नोंदी पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे ठेवलेल्या आहेत. नुसतं 'जॉन कॅम्पबेल, जन्म १७०० ते १७४५' एवढंच टाकलं तर शेकडो नावं समोर येतात, आणि त्यातला आपला कोणता हे ओळखायला काहीच आधार नसतो. पॅरिशचं नाव आधी अमेरिकेतल्या कागदांत शोधावं लागतं.

त्यासाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाचा पूर्ण-मजकूर शोध २०२४ पासून उपलब्ध आहे आणि तो मोफत आहे. खरेदीखतं आणि मृत्युपत्रं यांचा हस्तलिखित मजकूर संगणकाने वाचून ठेवलेला असल्यामुळे सूचीत नसलेली नावंही सापडतात, म्हणजे साक्षीदार, शेजारी, जामीनदार. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालायचा आणि त्याआधी अधिकचं चिन्ह द्यायचं. आडनावाबरोबर 'नेटिव्ह ऑफ स्कॉटलंड' टाकून पाहाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'नॉर्थ ब्रिटन'. अठराव्या शतकातल्या कागदांत स्कॉटलंडला अनेकदा याच नावाने संबोधलेलं असतं, आणि हा शब्द न टाकल्यामुळे बरंच निसटतं. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मुखत्यारपत्र. गावाकडे वडील वारले, वाटा घ्यायला स्वतः जाता येत नाही, म्हणून व्हर्जिनियातला भाऊ तिकडच्या भावाला अधिकार लिहून देतो आणि तो दस्त काउंटीच्या वहीत नोंदवतो. अशा एका पानात पॅरिश, भावाचं नाव आणि वडिलांच्या मृत्यूचा अंदाज हे सगळं मिळून जातं. संगणक जुना लांब 'एस' कधीकधी 'एफ' वाचतो, तेव्हा आडनावात 'एस' असेल तर दोन्ही प्रकारे शोधायचं.

मध्येच एक चाळणी लावणं गरजेचं आहे. घरात 'आमचे स्कॉच' म्हणत आले असतील, पण कुटुंब पेन्सिल्व्हेनियातून ग्रेट वॅगन रोडने शेनॅन्डोआ खोऱ्यात उतरलेलं असेल, तर ते बहुधा अल्स्टरचे स्कॉट, म्हणजे स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडला गेलेले आणि एकदोन पिढ्यांनी, १७१८ पासूनच्या लाटांमध्ये, अमेरिकेत आलेले. त्यांचे कागद बेलफास्टला शोधायचे. स्कॉटलंड्सपीपलवर क्रेडिट, म्हणजे पानं पाहायला विकत घ्यावे लागणारे गुण, घालवण्यात अर्थ नाही.

थेट स्कॉटलंडहून आलेल्यांसाठी ठिकाण आणि साल जुळवून पाहिलं की क्षेत्र एकदम आकसतं. न्यू इंग्लंडमध्ये १६५० च्या दशकात अचानक उगवलेलं स्कॉटिश नाव बहुधा युद्धकैद्याचं असतं. क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याला हरवलेल्या डनबारच्या लढाईनंतर (१६५०) 'युनिटी' जहाजातून कैदी आले आणि सॉगसच्या लोखंड कारखान्यात व मेनमधल्या लाकूडगिरण्यांत राबले. वूस्टरच्या लढाईनंतरच्या (१६५१) 'जॉन अँड सारा' जहाजाची १६५२ ची नावनिशीवार यादीही टिकून आहे, पण गेलिक, म्हणजे डोंगराळ स्कॉटलंडच्या भाषेतली, नावं इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. १६८३ नंतरचं पर्थ अँबॉय, १७३६ चं जॉर्जियातलं डॅरियन (इन्व्हरनेसकडचे लोक), १७३९ पासूनचं नॉर्थ कॅरोलायनातलं केप फिअर खोरं (आरगाइलचे लोक), १७७३ चं न्यू यॉर्कमधलं मोहॉक खोरं ही प्रत्येक वस्ती स्कॉटलंडच्या ठरावीक भागाकडे बोट दाखवते. प्रत्येक घरात 'कलोडनच्या लढाईनंतर हद्दपार केलं' (१७४६ ची लढाई, राजाविरुद्धचा बंड तिथे मोडला) अशी कथा सांगतात. १७४७ मध्ये कैद्यांची जहाजं मेरीलँडला आली हे खरं, पण १७६३ ते १७७५ या काळात हजारो लोक जमिनीच्या वाढलेल्या खंडापायी स्वतःहून निघाले. गोष्टीतलं साल कागदावर ताडून घ्या.

जे कागद कधी बनलेच नाहीत ते शोधण्यात महिने जातात, म्हणून हे आधीच लक्षात घ्या. १८२० च्या आधी अमेरिकेत येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या नियमाने ठेवल्या जात नव्हत्या. स्कॉट माणूस ब्रिटिश राजाचाच प्रजाजन असल्यामुळे त्याला वसाहतीत नागरिकत्व घ्यावं लागत नव्हतं, म्हणजे तेही कागद नाहीत. १७४२ पासूनच्या स्कॉटिश बंदरांच्या जकात वह्यांत जहाज, कप्तान आणि माल असतो, माणसांची यादी नसते. सुदैवाचा अपवाद एकच: डिसेंबर १७७३ मध्ये ब्रिटिश ट्रेझरीने, म्हणजे सरकारी खजिना खात्याने, जकात अधिकाऱ्यांना देश सोडणाऱ्यांची नोंद करायला सांगितलं. लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात टी ४७/१२ या क्रमांकाखाली स्कॉटलंडची ती नोंद आहे. नाव, वय, धंदा, गाव आणि का चाललात याचं उत्तरसुद्धा. अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूने राहिलेल्यांचे भरपाईचे दावे (तिथेच, एओ १२ आणि एओ १३ या क्रमांकांखाली) तितकेच बोलके आहेत, कारण दावेदाराला आपण कुठले आणि कधी आलो हे सांगावं लागे.

व्हर्जिनियातल्या हेडराइटबद्दल, म्हणजे माणसं आणल्याबद्दल मिळणाऱ्या जमिनीच्या हक्काबद्दल, सावध राहा. आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन मिळायची, पण ती आणणाऱ्याला. पट्ट्यावरची तारीख आगमनाची नसते, कधी ती कित्येक वर्षं नंतरची असते, आणि एकाच माणसावर दोघांनी जमीन उचललेलीही आढळते.

तारखांमध्ये तर हमखास चूक होते. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला नवं वर्ष धरलं, इंग्लंड आणि वसाहतींनी १७५२ पर्यंत २५ मार्चला. म्हणजे व्हर्जिनियाच्या कागदावरचा फेब्रुवारी १७१४ हा स्कॉटलंडच्या वहीत फेब्रुवारी १७१५ असतो. एका वर्षाच्या फरकाने चांगला धागा सोडून देऊ नका.

पॅरिश हाती आली की मग स्कॉटलंड्सपीपल उघडायचं. शोध मोफत आहे. मूळ पान पाहायला जुन्या पॅरिश नोंदीसाठी ६ क्रेडिट लागतात, ३० क्रेडिटचा संच ७.५० पौंडांना, म्हणजे एका संचात पाच पानं. मोफत यादीतच आईवडिलांची नावं दिसतात, तेव्हा पैसे भरण्याआधी तिथेच गाळणी करा. उघडलेलं पान खात्यात साठून राहतं, पुन्हा पैसे पडत नाहीत. आडनाव लिहिताना मॅक, एमसी आणि नुसतं एम या तिन्हींसाठी एमनंतर तारा (*) टाकायचा आणि पुढे डोनल्ड. स्त्रियांच्या बाबतीत एक मोठी सोय आहे: स्कॉटिश नोंदींत लग्नानंतरही माहेरचं आडनाव लिहितात. मॅकग्रेगर मात्र वेगळं प्रकरण आहे. हे आडनाव लावायला १६०३ मध्ये बंदी आली, १६६१ ला उठली, १६९३ ला पुन्हा लागली आणि १७७४ ला कायमची गेली. मधल्या काळात हीच माणसं ड्रमंड, कॅम्पबेल, मरे अशा नावांनी नोंदलेली सापडतात.

पान उघडल्यावर सगळी ओळ वाचा, नुसतं नाव नको. बाप्तिस्म्याची नोंद साधारण अशी: मुलाचं नाव, 'लॉफुल सन टु' म्हणजे औरस मुलगा, बापाचं नाव, मग एक छोटा शब्द आणि शेताचं किंवा वाडीचं नाव. तो छोटा शब्द 'इन' असेल तर बाप तिथला कूळ, 'ऑफ' असेल तर जमिनीचा मालक. अनेक वंशावळींमध्ये कुळाचा जहागीरदार झालाय तो एवढ्याशा शब्दाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. 'अमक्व्हाइल' दिसलं तर ती व्यक्ती कैलासवासी, 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. मृत्यूच्या नोंदी विरळ आहेत. बऱ्याचदा शवपेटीवर घालायच्या कापडाचं भाडं कोणी भरलं एवढीच ओळ असते, पण तिच्यावरून महिना कळतो.

मुलांच्या नावांचा क्रमही कामी येतो: पहिला मुलगा बापाच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा बापाच्या. मुलींमध्ये आधी आईची आई, मग बापाची आई. हा पुरावा नव्हे, पण दोन जॉन कॅम्पबेलमधून एक निवडताना त्याचा आधार होतो.

याच संकेतस्थळावरच्या चर्चच्या सभांच्या वह्या पैसे न देता चाळता येतात. नावांची सूची नाही, पानापानाने वाचावं लागतं. गाव सोडताना चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिल्याची नोंद तिथे असू शकते. मृत्युपत्रं पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. परदेशात वारलेल्या स्कॉट माणसाचं प्रकरण एडिनबर्गच्या कमिसरी न्यायालयात (मृत्युपत्रं पाहणाऱ्या न्यायालयात) जायचं, म्हणून गावाच्या न्यायालयात काही नाही म्हणून थांबू नका. आणि १८६८ पर्यंत मृत्युपत्राने जमीन देता येत नव्हती. ती वारसाच्या वेगळ्या नोंदीतून जायची, आणि थोरला मुलगा 'मर्चंट इन व्हर्जिनिया' असा त्या नोंदीत उभा राहतो.

पैसे भरण्याआधी नॅशनल रेकॉर्ड्सची पॅरिशवार यादी जरूर पाहा: कोणती वही कोणत्या सालापासून, मध्ये खंड कुठे. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरॉलची, १५५३ ची. पण स्काय बेटावर पोर्ट्रीची १८०० पासून, स्लीटची १८१३ पासून, किलम्यूरची १८२३ पासून. १७७४ मध्ये स्कायहून केप फिअरला गेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा या वह्यांत सापडणं शक्यच नाही. एखाद्या ऑनलाइन वंशावळीत तो तारखेसह दिला असेल तर ती तारीख कुठून आली ते आधी विचारा, आणि तोवर ६ क्रेडिट राखून ठेवा.