डोंबिवलीत भाड्याने, बदलापुरात फ्लॅट की नेरळला घर?

डोंबिवलीत वन बीएचकेचं भाडं दरवर्षी वाढत जातं, तेव्हा कुटुंब आधी बदलापूरच्या जाहिराती बघतं आणि तिथले भाव ऐकून नेरळकडे सरकतं. तिन्ही ठिकाणं मध्य रेल्वेवरच, त्यामुळे फरक काही स्टेशनांचाच वाटतो. पण सकाळची गाडी कुठून सुटते, एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं आणि इमारतीच्या परवानगीवर सही कोणाची आहे, यात तिन्हींचं एकमेकांशी काहीच जुळत नाही. चौरस फुटाचा भाव त्यानंतर बघायचा.

| | डोंबिवली | बदलापूर | नेरळ |
|---|---|---|---|
| सीएसएमटीपासून अंतर | सुमारे ४८ किमी | सुमारे ६८ किमी | सुमारे ८७ किमी |
| जलद लोकलने, गाड्या वेळेवर असतील तर | सव्वा तासाच्या आत | दीड ते पावणेदोन तास | दोन तासांच्या आसपास |
| कारभार | महापालिका | नगरपरिषद | ग्रामपंचायत |
| जिल्हा | ठाणे | ठाणे | रायगड |

गाडी

डोंबिवलीहून बदलापूरला गेल्यावर एका बाजूचा प्रवास साधारण २५ मिनिटांनी वाढतो. महिन्याचे २४ कामाचे दिवस धरले तर वीस तास. मात्र डोंबिवलीला सकाळी आठ वाजता जलद गाडीत पाय ठेवायला जागा मिळणं हीच कमाई असते, आणि बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळू शकतं. ‘मिळू शकतं’ म्हणायचं कारण असं की अंबरनाथ-उल्हासनगरचे बरेच जण उलटे बदलापूरला येऊन त्याच गाडीत बसून राहतात. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात. म्हणून वेळापत्रक बघताना बदलापूरला थांबणाऱ्या सगळ्या गाड्या मोजू नका, बदलापूरहून सुटणाऱ्या मोजा. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी इथे भरूनच येते.

संध्याकाळी हा फायदा राहत नाही. सीएसएमटीला चढणाऱ्याला जागा मिळते, पण घाटकोपर किंवा ठाण्याला चढणारा कल्याणपर्यंत तरी उभाच. त्यात ठाण्याहून बदलापूर किंवा कर्जत गाडीत डोंबिवली-कल्याणवालेही शिरतात. ऑफिस ठाण्यात असेल तर बदलापूर जमण्यासारखं आहे, कारण प्रवास तासाच्या आत राहतो. फोर्ट किंवा नरिमन पॉइंटला रोज जायचं असेल, आणि तेही नवरा-बायको दोघांना, तर दाराबाहेर जाणारे तास आधी वहीत मांडा. घर ते स्टेशन रिक्षाची रांग आणि सीएसएमटीपासून पुढचा टप्पा धरून एका बाजूचे अडीच तास सहज होतात.

नेरळचं गणित निराळं आहे. बदलापूरच्या पुढे गाड्यांची संख्या बरीच कमी होते. एक चुकली की पुढचीसाठी फलाटावर बराच वेळ जातो. कल्याणनंतर कर्जतच्या दिशेने दोनच मार्ग आहेत. लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या सगळ्या त्याच रुळांवरून धावतात, त्यामुळे घाटात काही अडलं की त्याचा फटका इथल्या लोकलला बसतो. बिघाडाच्या दिवशी गाड्या कल्याण, अंबरनाथ किंवा बदलापूरपर्यंतच चालवल्या जातात आणि नेरळकर मध्येच अडकतो. एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या लोकलसाठीच्या रेल्वे प्रकल्पांचा कार्यक्रम; त्यातल्या एमयूटीपी-३अ मध्ये कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आहे, एमयूटीपी-३ मध्ये पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आहे. विक्री कार्यालयात हे दोन्ही ‘झालंच समजा’ अशा सुरात सांगतात. तुम्ही आजच्या गाड्यांवर ठरवा. पनवेल-कर्जतचा थेट लाभ कर्जतला आहे; नेरळहून पनवेलला रस्त्याने जायचं तरी माथेरानचा डोंगर आडवा असल्याने कर्जत-चौकचा वळसा पडतो. नवी मुंबईत नोकरी असलेल्याने हे आधीच लक्षात घ्यावं. बदलापूरकराला निदान खोणी-तळोजा रस्ता आहे.

आठवड्यातून दोन-तीनच दिवस ऑफिसला जायचं असेल, तरच नेरळचा विचार करा. रोजच्या नोकरीसाठी ते लांब आहे, आणि सकाळची स्वच्छ हवा ही तूट भरून काढत नाही.

पाणी आणि पूर

बदलापुरात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, नगरपरिषद नाही. म्हणजे बिल वेगळं आणि तक्रारीचं कार्यालयही वेगळं. ‘पाणी आहे का’ असं विचारलं तर कुठलाही विक्रेता होच म्हणणार. सोसायटीच्या सचिवांकडे गेल्या एप्रिल आणि मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. हिशेब सोपा आहे: माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण धरलं तर चौघांना ५४० लिटर, ४० घरांना २१,६०० लिटर. नळ एक दिवस आला नाही तर दहा हजार लिटरचे दोन टँकरही थोडे कमीच पडतात. तिथल्या टँकरच्या दराने या टँकरना गुणलं की मेंटेनन्समध्ये काय वाढणार ते कळतं. नेरळकडच्या वसाहतींमध्ये भिस्त बोअरवर असेल तर बोअर किती फूट खोल आहे यापेक्षा मार्चनंतर पंप सलग किती वेळ चालतो, हे वॉचमनला विचारा. कातळात पाणी फटींमध्येच साठतं. शेजारच्या प्रकल्पाने चार बोअर मारले की तुमचा पंप हवा ओढू लागतो.

दुसऱ्या टोकाला उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते याच पट्ट्यात. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडीसारख्या भागांत नदीचं पाणी शिरतं. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीच्या बाजूचा फ्लॅट बघताना त्याचा सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात तो या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते तपासा. मग इमारतीत उतरा: विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत, लिफ्टच्या खड्ड्यात पंप आहे का, भूमिगत टाकीचं झाकण जमिनीलगत आहे की चौथऱ्यावर. झाकण जमिनीलगत असेल तर पुराचं पाणी पिण्याच्या टाकीत उतरतं आणि सातव्या मजल्यावरच्या घरालाही आठवडाभर बाटल्या विकत घ्याव्या लागतात. पूर्वेला पुराची भीती कमी, पण रासायनिक कारखान्यांच्या बाजूला घर बघत असाल तर एकदा रात्री दहानंतर जाऊन उभे राहा. दुपारी वास येत नाही.

कागद

महापालिका हद्दीत सगळं बिनघोर असतं, असं नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. म्हणून महारेरा क्रमांक मिळाला की थांबू नका. बांधकाम परवानगीचा जावक क्रमांक घेऊन ती देणाऱ्या कार्यालयात पडताळा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे छोट्या इमारतीत ही चाळणीसुद्धा नसते.

नेरळच्या बाजूला सावधगिरी दुप्पट हवी. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, आणि घरपट्टीची पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. माथेरानभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २००३ मध्ये जाहीर झालं; त्यात जमीन येते का, हे झोन दाखल्यावरून (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा दाखला) कळतं. ‘दोन गुंठे, सामायिक सातबारा, पुढे एनए (बिगरशेती) होईल’ अशी जागा घेऊ नका. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि कर्जत तालुक्यात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत, ज्या बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाहीत. सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढल्याशिवाय हे दिसत नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, ओसी) नसेल तर बँक कर्ज देताना अडते, आणि पुढे विकायला काढाल तेव्हा तुमचा खरेदीदार अडतो.

हप्ता

साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, तर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता. तीस लाखांना २६ हजार. त्यात मेंटेनन्स, टँकर, दोघांचे वाढीव पास आणि स्टेशनची रिक्षा घाला आणि मग डोंबिवलीच्या भाड्याशी ताडून बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो: परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का, नाहीतर पाच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो नाही. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार. ताबा लांबला तर भाडं आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात. पगार एकाचाच असेल तर तयार घरच घ्या, मग ते दहा वर्षं जुनं असलं तरी.

दवाखाना, शाळा

बदलापुरात दोन्ही गोष्टी आहेत. मोठ्या आजाराला उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा कळवा गाठावं लागतं. नेरळहून रात्री निघालात तर आधी कर्जत उपजिल्हा रुग्णालय, पुढचं सगळं लांब. वयस्क आई-वडील बरोबर असतील तर नेरळ नको.

अजून ठरत नसेल तर आधी बदलापुरात भाड्याने राहा, आणि ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार जूनपासून करा. पूर, गाड्या रद्द होण्याचे दिवस आणि पुढच्या एप्रिलची पाणीकपात हे सगळं त्या एका करारात येतं. जानेवारीत राहायला गेलात तर पाऊस दिसायला पाच महिने थांबावं लागेल, आणि तोपर्यंत एजंट टोकन घेऊन मोकळा झालेला असतो.