डूला ठेवली, तरी सिझेरियन झालं. सहा महिन्यांनी लिहिते आहे

पैसे वसूल झाले का, हे सगळे विचारतात. लेक परवा सहा महिन्यांची झाली, आता शांतपणे सांगता येईल.

डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई. बाविसाव्या आठवड्यात पुण्यातल्या एका डूलाताईंशी ठरवलं. ३५,००० रुपये. त्यात घरी चार भेटी, अडतिसाव्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री फोन केला तरी येणं, आणि बाळंतपणानंतर दोन भेटी. मेडिक्लेममध्ये यातला रुपयाही मिळाला नाही. सांगलीहून आई म्हणाली, "म्हणजे सुईणच की!" तसं नाही. डूला आतून तपासत नाही, बीपी बघत नाही, बाळंतपण करत नाही. ती फक्त सोबत असते. नवऱ्याला हे 'फक्त' पटेना. त्याने शोधून कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेचा २०१७ चा आढावा काढला. २६ अभ्यास, पंधरा हजारांहून जास्त बायका. कळांमध्ये सतत कुणी सोबत असलं की सिझेरियनचं प्रमाण थोडं घटतं, कळांचा वेळही थोडा कमी होतो. तो 'थोडं' शब्द मी तेव्हा वाचलाच नाही.

खरी चूक माझी. हॉस्पिटलला आधी विचारलं नाही. चौतिसाव्या आठवड्यात कळलं की लेबर रूममध्ये एकच माणूस चालेल, नवरा किंवा डूला. सरकारी दवाखान्यांत सोबतीला बाई ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली, खासगीत मात्र ज्याचा त्याचा नियम. शेवटी दोघांनी आळीपाळीने आत यावं, यावर डॉक्टर तयार झाल्या.

पण पैसे वसूल झाले ते हॉस्पिटलच्या बाहेरच. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. एकटे असतो तर साडेअकराला बॅग घेऊन निघालो असतो. ताई आल्या, दिवे मंद केले आणि नवऱ्याला कामाला लावलं. कळ आली की त्याने मागून दोन्ही तळहातांनी कमरेची हाडं आत दाबायची. दर तासाला मला लघवीला उठवायचं. मध्ये कोकम सरबताचे घोट. आई देवापाशी बसून रडत होती, तिलाही ताईंनी पाणी तापवायला पाठवलं. (गिझर होता. पण आईला काम मिळालं.) सकाळी सातला हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलं होतं.

सात सेंटिमीटरवर अडलं. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, आणि दुपारी ठोके उतरायला लागले. डॉक्टर सिझेरियन म्हणाल्या तेव्हा मी ताईंकडे बघितलं. त्या ना हो म्हणाल्या, ना नाही. म्हणाल्या, "डॉक्टरांना विचार, थांबायला किती वेळ आहे?" विचारलं. "अर्धा तासही नको," डॉक्टर म्हणाल्या. मग सही करताना माझा हात थरथरला नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये ताईंना सोडलं नाही. ते करारातही लिहिलेलं होतं.

आता तक्रार. चारही भेटींत सिझेरियनवर जेमतेम दहा मिनिटं. बाकी व्हॉट्सअॅपवर रोज 'नॉर्मल'चे व्हिडिओ, शांत संगीत, हसऱ्या बायका. टाके पडल्यावर मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटत राहिलं, दोन महिने तरी. ताईंना हे स्पष्ट बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पण व्हिडिओ अजून तेच पाठवतात, असं मैत्रिणीकडून कळलं. शिवाय त्याच आठवड्यात त्यांच्याकडे दुसरंही बाळंतपण होतं. बदली डूलाशी माझी ओळख व्हिडिओ कॉलवरची, पाच मिनिटांची. निभावलं म्हणून ठीक.

नंतरच्या दोन भेटी मात्र सोन्यासारख्या. टाक्यांवर भार न येता बाळाला काखेत धरून पाजायचं कसं, हे नर्सने घाईत दाखवलं होतं, ताईंनी तासभर बसून जमवून दिलं. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडीवरून आईशी वाद घातला नाही. धुरी तेवढी बंद करायला लावली, तीही आईच्याच तोंडून.

नणंदेला दिवाळीत दिवस भरतात. तिला ताईंचा नंबर दिला आहे, पण आधी लेबर रूमचा नियम लेखी घे म्हणून बजावलंय. तिने अजून विचारलेलं नाही.