चुंबकवाला मार्कर आणि दोन दातांचा फोर्क: चार महिने खिशात वागवल्यावर

आधीच सांगतो, ही वस्तू मी विकत घेतलेली नाही. आमच्या चौघांच्या गोल्फमधे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पोचलं की दर रविवारी काहीतरी वाजायचंच, त्याला वैतागून डॉक्टरांनी (आमच्यातले सगळ्यात वडील, खरेखुरे डॉक्टर) सगळ्यांना एकेक वाटली, त्यामुळे फुकटच्या वस्तूला स्टार देताना माझा हात जरा सैल सुटला असेल तर चालवून घ्या. कंपनीचं नाव लिहित नाही, एकतर असल्या बनावटीचे पन्नास मिळतात आणि दुसरं म्हणजे पुढे तक्रार पण करायचीय.

वस्तू म्हणजे काय तर बोटाएवढा धातूचा तुकडा, एका टोकाला ग्रीनवरचे खड्डे बुजवायला दोन दात, दुसऱ्या टोकाला चुंबक आणि त्याच्यावर चिकटणारा नाण्यासारखा चपटा मार्कर. संपलं.

आता हे यायच्या आधी आम्ही मार्क कसं करायचो, म्हणजे बॉल उचलायच्या आधी त्याच्या जागेची खूण कशी ठेवायचो, ते ऐका. मी टी (बॉल टेकवायची छोटी खुंटी) खोचायचो, आमच्यातला बँकवाला हाताला लागेल ते ठेवायचा, एकदा तर वाळकं पान ठेवलं आणि वाऱ्याने उडालं, आणि मास्तर बुटाचं टोक टेकवून बॉल उचलायचे, पुसायचे आणि "इथंच होता" म्हणून ठेवायचे, आणि ते "इथंच" दर वेळी होलच्या दिशेने थोडं पुढे असायचं. पान नियमात बसतच नाही, मार्कर म्हणजे माणसाने बनवलेली छोटी वस्तू लागते, टी चालतो, नाणं चालतं. बूट टेकवून उचलणं तर मार्क करण्यात धरतच नाहीत, खुणेशिवाय उचलला की एक स्ट्रोक पेनल्टी, म्हणजे एक फटका जास्त मोजायचा. पण मित्रामित्रांत मास्तरांना हे सांगणार कोण, आणि सांगितलं की "अरे आपण काय ओपन खेळतोय का" (ओपन म्हणजे ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) हे ठरलेलं उत्तर.

मला विचाराल तर ग्रीनवरचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आहे, बाकी सगळ्यात घासाघीस चालेल. बॉल जिथून उचलला तिथेच परत ठेवायचा. मार्कर बॉलच्या अगदी मागे किंवा अगदी लगत टेकवायचा, बॉल उचलायचा, ठेवताना तीच जागा, मग मार्कर काढायचा आणि मगच पट (होलकडे ढकलायचा हलका फटका) मारायचा. बॉलचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर आणि होलचा १०८, म्हणजे दर वेळी बोटभर पुढे सरकलात तर तो जवळजवळ अर्धा बॉल झाला, आणि तीन फुटांच्या पटवर लोक दर खेपेला दोनदा मार्क करतात.

आणि ही चूक फक्त आमच्यासारख्यांची नाही बरं. २०१७ च्या एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या मोठ्या स्पर्धेत लेक्सी थॉम्पसनने तिसऱ्या राऊंडला सतराव्या ग्रीनवर फूटभराचा पट मार्क केला आणि बॉल परत ठेवताना किंचित सरकला. टीव्हीवर बघणाऱ्या कोणीतरी दुसऱ्या दिवशी ईमेल टाकली, चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन आणि चुकीचं स्कोअरकार्ड दिल्याचे दोन असे चार स्ट्रोक शेवटचा राऊंड चालू असताना चढले, आणि बिचारी प्लेऑफमधे सो यॉन रयूकडून हरली. तिथे नुसता सरकला म्हणून चार, आणि आमचे मास्तर बुटाच्या मापाने सरकतात.

मार्कर हातात आल्यावर हे आपोआप कमी झालं, ही या वस्तूची खरी कमाई. कोणी काही बोललं नाही, नियमाचं पुस्तक काढलं नाही, पण चौघांच्या खिशात एकसारखी वस्तू असली आणि तिघं वाकून नीट मार्क करताना दिसले की चौथ्याला बूट टेकवायची लाज वाटते. मास्तर पहिल्या दोन रविवारी विसरल्याचं नाटक करत होते, तिसऱ्या रविवारी गुपचूप खिशातून काढला.

आता तक्रार नंबर एक. मार्करच्या दोन्ही बाजू डिट्टो सारख्या आहेत, आणि हे बनवणाऱ्याने कधी ग्रीनवर पाय ठेवलाय का असा प्रश्न पडतो. तुमचा मार्कर दुसऱ्याच्या लाईनमधे (त्याच्या बॉलच्या होलकडे जायच्या वाटेत) येत असेल तर पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) डोक्याएवढा बाजूला सरकवून द्यायचा असतो, आणि मग स्वतःची पाळी आली की तेवढाच परत आणायचा असतो, आणि नेमकं हेच विसरायला होतं. १९५७ ची सेंट अँड्र्यूजची ओपन बॉबी लॉक जिंकला, त्यात शेवटच्या ग्रीनवर त्याने मार्कर असाच बाजूला सरकवला होता आणि परत न आणताच पट मारला, नंतर फिल्ममधे ते दिसलं. तीन स्ट्रोकने पुढे होता, फायदा काही झाला नव्हता, म्हणून कमिटीने निकाल तसाच ठेवला. आपल्याला कमिटी नाही, आपल्याला बँकवाला आहे, तो ठेवणार नाही. तर यावर साधी युक्ती अशी की सरकवलेला मार्कर उलटा ठेवायचा, उलटा दिसला की आठवतं. पण दोन्ही बाजू सारख्या असल्या तर उलटा काय आणि सुलटा काय. शेवटी घरातून नेलपॉलिश घेऊन एका बाजूला ठिपका दिला, आता बरं चाललंय.

तक्रार नंबर दोन, चुंबक. पहिले काही आठवडे घट्ट होता, आता चालता चालता मार्कर सुटतो आणि खिशात किल्ल्यांना जाऊन चिकटतो. मार्क करायची वेळ आली की मी ग्रीनवर उभा राहून जुडगा चाचपतोय, मागचे चौघं कंबरेवर हात ठेवून बघतायत. दोनदा हरवता हरवता वाचला.

फोर्क मात्र मस्त आहे, साडेतीन स्टारमधले दोन तर त्याचेच. दात छोटे, जाड नाहीत, हातात नीट बसतो. पण वापरायचा कसा हे बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं, मी बॉल पडून झालेल्या खड्ड्याखाली दात घालून माती वर उचकटायचो, उलथन्याने उचकटतात तसं, आणि वाटायचं की वा, काय सपाट केलं. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "अहो, मुळं तोडताय तुम्ही." खालून उचकटलं की गवताची मुळं तुटतात आणि तो गोल पिवळा पडून मरतो. खरी पद्धत म्हणजे दात खड्ड्याच्या कडेला बाहेरून घालायचे आणि कडा मधे ढकलायच्या, चारी बाजूंनी थोडं थोडं, आणि मग पटरने वरून हलकं थोपटायचं. अर्धा मिनिट पण लागत नाही. आपला एक आणि दुसऱ्या कोणाचा राहिलेला एक, असा आमचा आता नेम झालाय.

याच्यावरूनही एक वाद होता. डॉक्टर जुने खेळाडू, त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की लाईनमधली बुटाच्या स्पाईकची खूण दुरुस्त करायची नाही, फक्त बॉलचा खड्डा आणि जुन्या होलचं बुजवलेलं भोक. ते २०१८ पर्यंत बरोबर होतं. २०१९ पासून ग्रीनवरचं जवळजवळ सगळं नुकसान नीट करता येतं, बुटाच्या खुणा, घासलेलं, प्राण्याने उकरलेलं सुद्धा. मात्र हवा खेळावी म्हणून मशीनने पाडलेली भोकं आणि गवताचा आपला नैसर्गिक उंचसखलपणा याला हात लावायचा नाही. आणि वेळ खायचा नाही हेही त्यातच आलं, जे बँकवाल्याला कोणीतरी सांगा, हातात फोर्क आल्यापासून हा माणूस बॉलपासून होलपर्यंत बागकाम करत जातो.

एक किस्सा माझा. मार्क करायला वाकलो, वरच्या खिशातून हाच फोर्क निसटला आणि माझ्याच बॉलवर पडला, बॉल चार बोटं हलला. बँकवाला लगेच, "एक स्ट्रोक!" मी म्हटलं थांब बाबा. ग्रीनवर चुकून बॉल हलला तर आता पेनल्टी नाही, उचलून जागेवर ठेवायचा. २०१६ च्या यूएस ओपनला ओकमाँटवर डस्टिन जॉन्सनचा बॉल पाचव्या ग्रीनवर हलला, एक स्ट्रोक द्यायचा की नाही हे शेवटचे कितीतरी होल लटकत राहिलं, शेवटी लावलाच, तरी तो जिंकला. नंतर २०१७ पासून लोकल रूल (आयोजकांनी हवा तर लावायचा नियम) आला आणि २०१९ ला तो मूळ नियमातच गेला. बँकवाला अजून म्हणतो की फोर्क टाकणं म्हणजे चुकून नाही, निष्काळजीपणा. असू दे.

पण मी एकदा खरा अडकलो. बॉल ठेवला, मार्कर काढायचा राहिला आणि तसाच पट मारला, आणि पट गेला पण. मार्कर जागेवर ठेवून स्ट्रोक मारला की एक पेनल्टी, इथे काही बोलता आलं नाही.

गिमीच्या (न मारताच गेला असं धरलेल्या जवळच्या पटच्या) बाबतीत ही वस्तू काही कामाची नाही, ते तुमचं तुम्हाला ठरवायला लागतं. मॅच प्लेमधे (एकेक होल जिंकायच्या खेळात) समोरच्याने दिलेला पट नियमात बसतो आणि एकदा दिला की परत घेता येत नाही, स्ट्रोक प्लेमधे (एकूण फटके मोजायच्या खेळात) गिमी नावाची गोष्टच नाही, बॉल आत घालायचाच. १९८३ च्या ओपनला हेल अर्विनने दोन-तीन इंचांचा पट घाईत मारायला जाऊन हवेत मारला आणि शेवटी एका स्ट्रोकने हरला, हे मास्तरांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच मी उचलतो." काय बोलणार. आम्ही ठरवलंय की होलपासून पटरच्या ग्रिपच्या खालच्या टोकापर्यंतच्या अंतरात असला तर गिमी, पण समोरच्याने तोंडाने "घ्या" म्हटल्याशिवाय बॉलला हात लावायचा नाही. २०१५ च्या सोल्हाइम कपला (महिलांची अमेरिका विरुद्ध युरोप स्पर्धा) अ‍ॅलिसन लीने दिलाय असं समजून बॉल उचलला, सुझान पेटरसन म्हणाली आम्ही दिलाच नव्हता, होल गेला, मुली रडल्या. आमच्यात कोणी रडणार नाही पण आठवडाभर ग्रुपवर मेसेज चालतील. हँडिकॅपला (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याला) स्कोअर टाकत असाल तर पाच फुटांच्या आतला न मारलेला पट एक स्ट्रोक धरून लिहायचा, शून्य नाही, हे मास्तरांसाठी मुद्दाम लिहितोय.

तर साडेतीन स्टार. फोर्कचे दोन, मास्तरांना सुधारल्याचा एक, अर्धा डॉक्टरांच्या मनाचा. घेणार असाल तर दोन गोष्टी बघा, मार्कर उलटा धरून जोरात हलवून बघा सुटतो का, आणि दोन्ही बाजू वेगळ्या आहेत का. आणि हिरवा रंग घेऊ नका. माझा हिरवा आहे, परवा नवव्या ग्रीनवर आम्ही चौघं गुडघ्यावर बसून तो शोधत होतो.