आमरस वर्षभर ठेवायचा तर फ्रीजर की बाटल्या?

मे संपत आला की आंब्याचा भाव उतरतो, पाऊस यायच्या आत उरलेलं फळ उतरवायचंच असतं आणि मग घरभर पिकलेले आंबे, खाऊन खाऊन किती खाणार. आमचं घर दापोलीकडे, सात कलमं हापूसची आणि दोन रायवळ. दोन्ही प्रकारांनी रस ठेवून झालाय, आधी पाच-सहा वर्षं फ्रीजर आणि आता बाटल्या, त्यामुळे यंदा कोण ठरवत असेल त्याच्यासाठी लिहितोय.

चवीला फ्रीजरचा रस वरचढ, हे आधीच सांगतो. त्याला आच लागत नाही ना, त्यामुळे पिशवी सोडली की मे महिन्यातलाच वास येतो. बाटलीतला रस कितीही जपून केला तरी किंचित शिजल्याची चव लागते, रंगही जरासा गडद होतो. मेहनतीचं तर विचारूच नका, रस काढला, पिशवीत भरला, हवा काढून आडवी ठेवली, संपलं काम. बाटल्यांना पूर्ण दिवस जातो आणि दोन माणसं तरी लागतात.

मग मी फ्रीजर का सोडला? लाइटमुळे, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, चाळीसेक पिशव्या गेल्या, वाईट वाटलं पण त्यात शंकेला जागा नव्हती, सगळं फुगलेलं, आंबलेलं, उचललं आणि खड्ड्यात ओतलं. खरा त्रास पुढच्या पावसाळ्यात झाला. लाइट रात्री जाणार, सकाळी येणार, कधी दुपारभर नाही, असं जून-जुलै चाललं होतं. पिशव्या वितळल्या, परत गोठल्या, परत वितळल्या असतील, पण उघडून बघावं तेव्हा दगडासारख्या कडक! गणपतीत मुंबईची सगळी मंडळी आलेली, पुऱ्या तळून झाल्या, रस वाटीत वाढला आणि जिभेला चुणचुणला. पाणी वेगळं, गर वेगळा. आई काही बोलली नाही, तिने नुसत्या वाट्या उचलल्या. आठ पिशव्यांतल्या तीन चांगल्या निघाल्या आणि कुठल्या चांगल्या हे बाहेरून सांगायला काहीच मार्ग नव्हता. हे मला सहन होत नाही. बिघडलं तर बिघडलं, पण ते दिसायला हवं, गोठलेली पिशवी सगळं झाकून ठेवते.

बाटली असं झाकत नाही. आतला रस आंबायला लागला की मानेशी बुडबुडे दिसतात, रस वर चढतो, बुचाच्या कडेने पाझरतो, उघडताना फस्स आवाज येतो. तशी बाटली चाखूनही बघायची नाही, सरळ टाकायची. माझ्या चार वर्षांत साठातल्या एक-दोन जातात, पण जातात ते कळतं.

करतो असं. रस गाळून घेतो, रायवळचा असेल तर दोनदा, किलोला 3 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालतो, स्टीलच्या टोपात चांगला वाफाळेपर्यंत ढवळत गरम करतो. 650 मिलीच्या काचेच्या बाटल्या आधी उकळून घेतलेल्या असतात, त्या गरम असतानाच गरम रस भरायचा, वर दोन बोटं जागा सोडायची आणि सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं नवं बूच हातमशीनने दाबायचं. मग मोठ्या टोपाच्या तळाला गोणपाट घालून बाटल्या बुडतील इतक्या पाण्यात, उकळी आल्यापासून अर्धा तास. गोणपाट विसरलात तर तळाच्या बाटल्या तडकतात. बाहेर काढून वाऱ्यात ठेवायच्या नाहीत, टोपातच निवू द्यायच्या.

अ‍ॅसिड चवीसाठी नाही. आंब्याच्या आंबटपणावर हा सगळा प्रकार चालतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं आंबट तितका कमी) 4.6 च्या खाली असेल तर बोट्युलिझमचे, म्हणजे बंद बाटलीत विष करणारे, जंतू वाढत नाहीत आणि नुसतं उकळतं पाणी पुरतं. फार पिकलेल्या हापूसमध्ये तो आंबटपणा कमी पडू शकतो. मटार, मका, घेवड्यात तर तो नसतोच म्हणा, म्हणून याच पद्धतीने ते कुणी बाटलीत भरू नका, त्यात विष झालं तरी दिसेलच असं नाही. तिथे फ्रीजरच.

कारखान्यातून डबाबंद करून आणायचा पर्याय आहे, 850 ग्रॅमचा डबा, टिकतो उत्तम, पण घरात दोनच माणसं असली की एक डबा फोडला तर संपवताना जीव जातो. साठं, म्हणजे रस वाळवून केलेल्या पोळ्या, घालणाऱ्यांनी घालावीत, मला फार आवडतात, पण पुरीबरोबर साठ खाता येत नाही.

पुण्या-मुंबईत राहत असाल, लाइट फारशी जात नसेल आणि दिवाळीपर्यंत संपवणार असाल तर फ्रीजर वाईट आहे असं मी म्हणणार नाही, फक्त पिशव्या लहान करा, एका वेळेला संपेल एवढ्याच. पण गावाला घर असेल, पावसाळा काढायचा असेल तर मी तरी बाटल्याच सांगेन. बुचं एप्रिलमध्येच आणून ठेवा, मे महिन्यात शोधत फिरावं लागतं. आणि भरल्यावर पहिले पंधरा दिवस बाटल्या कपाटात कोंबू नका, समोर मांडून रोज सकाळी उजेडात एकेकीची मान बघा.