थंडीतली बोलेरो: सेल्फ चांगला, डिझेल मात्र बघून भरा

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हाही बीएस-6 बोलेरो (1.5 लिटर, तीन सिलिंडर, एमहॉक 75 इंजिन) पहिल्या सेल्फला लागते. फक्त चावी ऑनवर आणून डॅशबोर्डवरचा वेटोळ्या तारेचा दिवा विझेपर्यंत थांबा. तीन सिलिंडरना तीन हीटर प्लग आहेत, दिवा विझला की ते तापलेले असतात. घाईने सेल्फ मारला तर पांढरा धूर, थडथड, आणि बोल मात्र गाडीला. दिवा विझूनही रोज सकाळी तेच होत असेल तर एखादा प्लग गेलेला असतो. वायर काढून मल्टिमीटरने ओहम बघा: चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट झालेलं ऑइल घुसळण्याचा भार सेल्फवर येत नाही. दिवे, ब्लोअर बंद. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. तीन प्रयत्नांत लागली नाही तर बॅटरी मारत बसू नका, कारण शोधा.

स्पिती-लडाखचा हिशोब निराळा. तिथे गाडी अडते ती डिझेलमुळे. सपाटीवर भरलेल्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर चोंदतो. लक्षण अगदी ठरलेलं आहे: गाडी सुरू होते, दोन-चार मिनिटं चालते आणि गुदमरून बंद पडते. म्हणून टाकी जवळपास रिकामी करून वर जा आणि तिथल्या पंपावर विंटर ग्रेड, म्हणजे थंडीत न गोठणारं डिझेल भरा. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी आणलेलं असं डिझेल उणे 33 अंशांपर्यंत गोठत नाही. भरल्यावर लगेच गाडी उभी करू नका. दहा-बारा किलोमीटर चालवा, म्हणजे फिल्टर आणि पाइपमधलं जुनं डिझेल जळून जातं. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला कॉमनरेल (उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात अजिबात पाळू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने तो घासून जातो. फिल्टर गोठलाच तर त्यावर फडकं गुंडाळून गरम पाणी ओता. टाकीखाली जाळ करणं म्हणजे जिवाशी खेळ.

बॅटरीची ताकद उणे 18 अंशांना जवळपास निम्म्यावर येते. रात्रभर उभ्या गाडीत 12.4 व्होल्टच्या खाली दिसत असेल तर डोंगरात जाण्याआधी चार्ज करा किंवा बदला. उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठून फुटूही शकते, भरलेली गोठत नाही. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं हवं. पाणी गोठताना फुगतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो.

सुरू झाल्यावर रेस करू नका, टर्बोपर्यंत ऑइल पोचायला वेळ द्या. अर्धा-एक मिनिट पुरे, मग दोन हजार आरपीएमच्या आत चालवत न्या. डिझेल इंजिन उभ्या उभ्या तापायला फार वेळ घेतं, आणि तासभर आयडलिंगवर ठेवलं तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचते. केबिन हीटरमधून कोमट वारा यायला लागला की मगच चढ घ्या. हीटर उशिरा तापतो, ही बोलेरोबद्दलची आमची एकच खरी तक्रार.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. केबलमध्ये शिरलेलं पाणी गोठलं की सकाळी मागची चाकं सुटत नाहीत. पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.